सेंटर हाफची जागा

माझ्या पायाला फुटबॉल कधी लागला नाही. लागला तो दोनदाच, आणि दोन्ही वेळा तोंडावर. तरी सांगतो, फुटबॉलवर माझ्याएवढं बोलणारा माणूस तेव्हा अख्ख्या दारव्ह्यात नव्हता. आमच्या घरात तीन पिढ्या सरकारी नोकरीच्या. आजोबा कारकून, वडील कारकून, मीही कारकून. दिवसभर लोकांच्या अर्जांवर शेरे मारायचे आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर टीमच्या अकरा माणसांवर. बायको म्हणायची, "सोताले रस्ता ओलांडता येत नाही धड, अन् चालले दुनियेले खेळ शिकवाले!" म्हणू दे. घर की मुर्गी दाल बराबर.

टीम होती गावाबाहेरच्या जिनिंगची. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. त्याच्या शेठला फुटबॉलचं वेड. त्यानं कामठीहून, नागपूरहून खेळाडू आणले आणि त्यांना कारखान्याच्या हजेरीपटावर घेतलं. सकाळी पटावर सही करायची, मग मैदानात पळायचं, पगार त्याचाच. तालुक्याच्या गावात पगारी टीम! चांगल्या दिवसांत त्या टीमनं पुसदहून, वणीहून, कुठून कुठून कप आणले. शेठच्या ऑफिसातलं कपाट भरलं तेव्हा उरलेले कप तिजोरीवर ठेवले होते.

मग कापसाचे ते वाईट दिवस आले. टपरीवर कुणी कापसाचा विषय काढला की माणसं उठून जायची आणि चहा तसाच गार व्हायचा. जिनिंग पूर्वी सहा-सात महिने धडधडायचं, ते तीन महिन्यांवर आलं. कामठीची पोरं एकेक करून निघून गेली. कुणी रेल्वेत लागलं, कुणाला दुसऱ्या टीमनं उचललं. उरला एकटा कप्तान. बाकी जागी हाती येईल तो भरला. त्या वर्षी पुसदच्या सामन्यांत पहिल्याच मॅचला आम्ही सहा गोल खाल्ले. सहा! मी आमच्याच गोलच्या मागं उभा होतो, जाळीतून बॉल काढून देता देता माझी कंबर धरली.

परतताना शेठनं ट्रकजवळ सगळ्यांसमोर सांगितलं, "एक साल अजून पाहतो. पुढच्या वर्षी पुसदले पहिली मॅच हरले, तर टीम बंद. आन आतापासून पटावर अकराच नावं. जो खेळेल तो पटावर. कारखानाच चालत नाही, मी बारावा कुठून पोसू?"

कप्तानानं खाली मान घातली. त्याला सगळ्यांपेक्षा जास्त भीती होती, कारण त्याचं सगळंच इथं होतं. तेरा वर्षांपूर्वी कामठीहून आला तो जिनिंगच्या क्वार्टरमध्येच राहिला. दोन मुली इथल्या शाळेत. पटावरून नाव गेलं की क्वार्टर गेलं, आणि या वयात त्याला दुसरी टीम कोण घेणार? उंचापुरा, रुंद खांद्याचा सेंटर हाफ. टीमच्या अगदी मध्यभागी उभा राहायचा आणि तिथून सगळ्यांना शिव्या घालत खेळवायचा. मला 'बाबू' म्हणायचा आणि पाठीवर अशी थाप मारायचा की खिशातला पेन उडावा.

आता माझं मत ऐका. बाहेरून माणसं आणून टीम बनत नाही, टोळी बनते. दाणे संपले की पाखरं भुर्र. आपल्या भागात पाय काय कमी आहेत? कापूस मार्केटातले हमाल पाहा, बंजारा तांड्यावरची माणसं पाहा, दिवसभर चालतात आणि संध्याकाळी वर घरी पळत जातात. आश्रमशाळेत शिकलेला प्रत्येक गडी फुटबॉल खेळलेला असतो, कारण शंभर पोरांना पुरेल असा तोच एक खेळ. यांना घ्या, एक वर्ष घोटा, आणि मग पाहा! हे मी टपरीवर ओरडून सांगायचो. आणखी एक मत होतं, ते मात्र आवाज खाली आणून सांगायचो. कप्तानाला आता मागं वळायला बैलगाडीएवढी जागा लागते. तो मध्ये आहे तोवर टीम वर येत नाही.

एका संध्याकाळी जिनिंगचे मॅनेजर टपरीवर हे सगळं ऐकत होते. त्यांनी ग्लास खाली आपटला. "बाबू, लय झालं तुमचं. उद्यापासून टीम तुम्हीच बनवा. मी शेठले सांगतो."

बापा रे! मी घरी चालत गेलो की पळत, मला आठवत नाही. बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "पगार देनार हायेत का?"

"नाही."

"मंग होते ठीक. फुकटच्या कामात तुमचा हात कोनी धरत नाही."

दोन महिन्यांत मी सात माणसं जमवली. मार्केटातला एक हमाल असा मिळाला की त्याच्या अंगावर आपटून माणसं परत जात. त्याला मी मनातल्या मनात कप्तानाच्या जागेवर लिहून टाकलं. पण डावीकडून पळणारा माणूस मिळेना. आणि एका बाजाराच्या दिवशी मिळाला. दारव्ह्याचा बाजार उठला होता, तांड्याकडं जाणारी जीप खचाखच भरून निघाली, मागं तिघं लटकलेले. तेवढ्यात लुगड्या-भांड्यांच्या गर्दीतून एक गडी खांद्यावर बाजाराचं पोतं घेऊन पळत आला. जीप निघून गेली होती हो! त्यानं चढावर ती गाठली, पोतं टपावर फेकलं आणि मागच्या लोखंडाला लटकला. माझ्या हातातल्या भाजीची पिशवी खाली पडली. टमाटे गेले गटारात. मी ओरडलो, "अबे, कोन हाय तो?" शेजारच्या भाजीवालीनं त्याचा तांडा सांगितला. आश्रमशाळेत शिकलेला होता, डाव्या पायाचा होता. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही.

आणि इथंच मी माती खाल्ली. सरळ जीपमध्ये बसून जायचं की नाही? नाही. कारकुनाचा पोरगा मी! घरी बसलो, कोरा कागद काढला आणि लिहिलं: "विषय: चाचणीकरिता उपस्थित राहणेबाबत. उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपण येत्या रविवारी सकाळी ठीक सात वाजता जिनिंगच्या मैदानावर विनाविलंब हजर राहावे. कसूर केल्यास पुढील परिणामांची जबाबदारी सर्वस्वी आपली राहील." खाली सवयीनं "प्रत माहितीस्तव: नायक, तांडा" असंही लिहिलं. आणि कोतवाल त्या बाजूला निघाला होता, सरकारी कागद गावोगाव पोचवणारा माणूस, त्याच्याच हाती तो कागद दिला. वर बजावलं, पोच घेऊन ये.

रविवारी सातला मी मैदानात. आठ वाजले, नऊ वाजले. कुणी नाही. सोमवारी रजा टाकून तांड्यावर गेलो तर तिथं बाया, म्हातारी माणसं आणि शेळ्या. तरणा माणूस औषधाला नाही. तांड्यात गेल्यावर आधी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या मुखियाच्या, घरी जायचं असतं, एवढं मला ठाऊक होतं. नायक म्हातारा, बाजेवर बसलेला. माझा कागद त्याच्या हातात होता.

"हे तुमी लिवलं?"

"हाव."

"कायचा कागद हाय हा? जंगलाच्या जमिनीचा?"

"नाही जी, फुटबॉलचा."

नायकानं कागद उलटा केला, सुलटा केला. "फुटबॉलसाठी 'कसूर' कायले लिवलं बे? आमच्या इथं कसूर म्हनलं का मानूस जेलात. कोतवाल कागद घेऊन आला, पोट्टे जे पयाले ते अजून वापस नाही. तुह्या त्या पयनाऱ्याची याडी चार दिवसांपासून जेवली नाही." याडी म्हणजे आई. ती कोपऱ्यात उभी होती, डोळे सुजलेले.

"तोंड नव्हतं का तुले?" नायक म्हणाला. "दारव्ह्याहून इथपर्यंत येऊन तोंडानं सांगता येत नव्हतं? त्याले खेळाले नेतो, एवढंच ना? इथं येऊन म्हनाचं, बा, तुमचा पोरगा चांगला पयते, मले दे. कागदावर कोनी पोरगा मागते का?"

मग त्यानं तिथल्या सगळ्या बायांना गोळा केलं आणि माझ्यावर दंड बसवला. पाच किलो गूळ, अख्ख्या तांड्यात वाटायला. आणि त्या आधी तो कागद सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचायचा. मी वाचला. 'उपरोक्त विषयान्वये' म्हणेपर्यंत बाया हसायला लागल्या, 'सर्वस्वी' ला तर नायकाचीही दाढी हलली. एक बाई म्हणाली, हा कोर लगन कराले गेला तवाबी असाच कागद धाडला असन. कोर म्हणजे मी, तांड्याबाहेरचा. मीही हसलो. मग नायक म्हणाला, "आता तोंडानं सांग." मी याडीकडं वळून सांगितलं. काय सांगितलं ते आठवत नाही, पण जीपमागं तो कसा पळाला हे सांगताना मी स्वतःच दोन पावलं पळून दाखवलं. ती पहिल्यांदा हसली.

तो पोरगा पळून झरी जामणीकडं जंगलात बांबूतोडीच्या कामावर लागला होता. नायकाचा निरोप घेऊन, तीन जीपा बदलून मी तिथं पोचलो. त्यानं दुरूनच माझी पँट-शर्ट आणि काखेतली फाईल पाहिली आणि पळाला. "अरे थांब! नायकानं धाडलं! फुटबॉल हाय, फुटबॉल!" मी धापा टाकत ओरडतोय आणि तो पळतोय. काय पळाला बापा! बांबूंच्या ढिगांवरून, ओढ्यातून, चढावर, एकदाही पाय न अडखळता. मी ओरडायचंच विसरलो, नुसता पाहत राहिलो. शेवटी तोच वरून हसत खाली आला. म्हणाला, "बाबू, तुमी फाईल घेऊन कायले आले?"

त्यानंतरचे महिने म्हणजे माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस. सकाळी सातला मैदान, मग कचेरी, मग पुन्हा मैदान. टीम उभी राहताना मी डोळ्यांनी पाहत होतो. आणि तिला उभी कोण करत होतं? कप्तान! पोटतिडकीनं. तांड्याच्या गड्याला बूट घालून पळायला त्यानं शिकवलं. हमालाला डोक्यानं बॉल कसा मारायचा हे शिकवायला त्यानं स्वतः शंभर-शंभर वेळा उड्या मारल्या. "आँख खुली रख, बोरी नहीं है, बॉल है!" मी शेजारी उभा राहून मान डोलावत होतो आणि त्याची जागा हमालाला द्यायची हे त्याला सांगायचं रोज उद्यावर ढकलत होतो.

पुसदच्या मॅचच्या आदल्या दिवशी दुपारी मी क्वार्टरसमोर गेलो. कागदबिगद काही नाही. तांड्यानं ती सवय मोडली होती. कप्तान बूट घासत बसला होता.

"उद्या तुले बाहेर ठेवतो," मी म्हणालो. "हमाल मधात खेळेल."

त्यानं बूट खाली ठेवला. "किसने बोला? मॅनेजर ने?"

"नाही. मीच."

"तू? तूने कभी बॉल को लात मारी है, बाबू?" तो ओरडला, आतून त्याची बायको बाहेर आली. "तेरा साल! तेरा साल मैंने ये टीम खींची है! अन् पट का क्या? खेळलो नाही तर नाव कटते, मालूम हाय ना तुले?"

"जिंकलो तर शेठशी मी बोलतो. माहा शब्द हाय."

त्यानं ब्रश पायरीवर फेकला. मग बूट उचलून आत गेला. माझी खात्री होती की तो पुसदला येणार नाही. पण सकाळी ट्रकच्या फाळक्यावर सगळ्यांत आधी तोच बसला होता. मी चढताना त्यानं तोंड पलीकडं फिरवलं.

समोर कोण, तर मागच्या वर्षी आम्हाला सहा गोल मारणारे तेच! दहाव्या मिनिटाला त्यांनी एक मारला. पुसदचे लोक हसले. तेव्हा कप्तान लाइनीपाशी आला आणि जे ओरडायला लागला, ते शेवटपर्यंत थांबला नाही. "हमाल, पीछे! पीछे आ! अब जा! लेफ्ट हाफ, सोया क्या?" लेफ्ट हाफ म्हणजे हमालाच्या डाव्या हाताला खेळणारं किडकिडीत पोरगं. हमाल कप्तानाच्या आवाजावर हलत होता आणि समोरची माणसं त्याच्यावर आपटून परत जात होती. हाफटाइमनंतर बॉल तांड्याच्या गड्याकडं आला, त्याच्यासमोर दोघं होते, मग एक होता, मग कुणीच नव्हतं! मी लाइनीच्या बाहेरून त्याच्याबरोबर पळत होतो, चप्पल कुठं गेली देव जाणे. डाव्या पायानं अशी हाणली की गोलकीपरनं हात वर केले तेव्हा बॉल जाळीत पोचला होता. एक-एक! मी कुणाच्या तरी गळ्यात पडलो. पाहतो तर कप्तान! दोघांनी एकमेकांना सोडलं आणि पुन्हा ओरडायला लागलो. शेवटची पाच मिनिटं. कॉर्नर. हमाल उडाला, डोळे उघडे, डोक्यानं मारला. दोन-एक! शिट्टी वाजली तेव्हा मी मैदानात लोळत होतो, पन्नाशीला आलेला सरकारी नोकर, पांढऱ्या शर्टासकट.

शेठ खुर्चीवरून उठून आत आला. त्याचेही डोळे ओले. "टीम चालू राहील," तो म्हणाला आणि सगळ्यांनी त्याला उचललं. खाली उतरल्यावर त्यानं खिशातून डायरी काढली. "बाबू, पटावरचे अकरा सांगा."

मी सांगायला लागलो. गोलकीपर, बॅक, तांड्याचा गडी, सांगताना छाती फुगत होती. दहा झाले.

"अन् सेंटर हाफ?"

मी तोंड उघडलं. हीच वेळ होती शब्द पाळायची. पण समोर हमाल उभा होता, कपाळावर बॉलची माती, आणि टीमला तोच पाहिजे होता, हे मला जितकं कळत होतं तितकं तिथं दुसऱ्या कुणाला कळत नसेल. फुटबॉलवर मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलो. शेठ पेन धरून थांबला होता. मागून कप्तानाचा आवाज आला.

"हमाल को लिखो, शेठ. मैं तो बाहर था."

आठ दिवसांनी जिनिंगचा ट्रक नागपूरकडं निघाला, त्यावर कप्तानाचं सामान चढलं. खाट, ड्रम, शिलाई मशीन, गादीच्या वळकटीवर दोन मुली. माझ्या बायकोनं पोळ्या आणि झुणका बांधून दिला होता, तो घेऊन मी गेलो. माफी मागायची हे घरून ठरवून गेलो होतो. त्यानं डबा घेतला, मुलींकडं दिला आणि मला बाजूला ओढलं.

"बाबू, तूने गलती की."

"हाव," मी म्हणालो. "मले मालूम हाय."

"काय मालूम हाय तुले, भैताड! वो हमाल सेंटर हाफ नहीं है. बॅक है वो, बॅक! उसको पीछे डाल. लेफ्ट हाफ को बीच में ला, उसको दोनों तरफ दिखता है."

"लेफ्ट हाफ?" माझा पारा चढला. "त्याले अंगात जोर हाय का? एक धक्का लागला का बसते खाली!"

"धक्का लगेगा कैसे? वो पहुँचता ही पहले है!"

"अन् कॉर्नरले डोकं कोन लावन, तुहा काका?"

झालं. भररस्त्यात भांडायला लागलो. त्यानं धुळीत काडीनं अकरा रेघा मारल्या, मी पायानं पुसल्या, त्यानं पुन्हा मारल्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून वाजवून कंटाळून बिडी पेटवली. कप्तानाची बायको वरून म्हणाली, चला हो, उन्हं झाली. ट्रक सुरू झाला तरी तो फाळक्याला धरून ओरडत होता, "लेफ्ट हाफ को बीच में ला, बाबू!" आणि मी मागं पळत ओरडत होतो, "नाही आनत! नाही आनत, जा!"

घरी आलो तेव्हा घसा बसला होता. बायको म्हणाली, "मागितली का माफी?" मी सगळं सांगायला लागलो. हमाल, लेफ्ट हाफ, धुळीतल्या रेघा, कोण काय म्हणालं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, आम्ही अर्धा तास त्याच्याच जागेवर कुणाला उभं करायचं यासाठी भांडत होतो, आणि तो माझ्यापेक्षा जोरात भांडत होता. मी ओट्यावर बसलो आणि हमसून हमसून रडलो. बायकोनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि शेजारी बसली.

"मंग," थोड्या वेळानं ती म्हणाली, "बरोबर कोन होतं?"

"तो," मी म्हणालो.